पडदा आणि आवाज : घरच्या संगणकाच्या अडचणींचे निदान

१. उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• संगणकाच्या पडद्याची किंवा ध्वनीची अडचण नेमक्या शब्दांत मांडता येईल.
• दोष यंत्रात आहे, केबलमध्ये आहे की मांडणीत आहे, हे क्रमाक्रमाने ठरवता येईल.
• देवनागरी मजकूर विस्कटलेला दिसल्यास त्याचे कारण ओळखता येईल.
• कोणती दुरुस्ती घरी करावी आणि कोणती तंत्रज्ञावर सोपवावी, याचा निर्णय घेता येईल.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, दूरशिक्षणात वर्ग तुमच्या घरी येतो. संगणकाचा पडदा हा त्या वर्गातील फळा असतो आणि शिक्षकाचा आवाज तुमच्यापर्यंत येतो तो ध्वनिवर्धकातून. नोकरी, शेती, घरकाम यांतून वेळ काढून तुम्ही रात्री अभ्यासाला बसता आणि नेमका तेव्हाच पडदा काळा पडतो, किंवा ओठ हलताना दिसतात पण आवाज येत नाही. संपर्कसत्र पुन्हा होत नाही. स्वाध्याय सादर करण्याची मुदतही थांबत नाही. अशा वेळी ‘संगणक बिघडला’ असे म्हणून आपण तो दुकानात नेतो. तेथे पुष्कळदा एखादी सैल केबल घट्ट बसवली जाते किंवा एखादी खूण बदलली जाते आणि संगणक चालू लागतो. गेलेला दिवस आणि गेलेले पैसे मात्र परत येत नाहीत. त्याहून मोठी हानी अशी की ‘हे आपल्याला जमणारे नाही’ ही समजूत मनात पक्की होते. ती समजूत दूर करणे हा या घटकाचा खरा हेतू आहे.

मराठीच्या अभ्यासक्रमात या विषयाचे काय प्रयोजन, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. भाषेच्या अभ्यासकाला ध्वनी आणि लिपी ही अभ्याससामग्री असते. सदोष ध्वनिवर्धकातून ‘साल’ आणि ‘शाल’ यांतील भेद पुसट होत असेल, किंवा पडद्यावर ‘दऱ्या’ या शब्दाचा ‘दर्या’ होत असेल, तर आपल्यासमोर आलेली सामग्रीच दूषित झालेली असते. दुसरे असे की, बिघाड शोधण्याची रीत आणि भाषाविज्ञानातील विश्लेषणाची रीत यांत बरेच साम्य आहे. त्यामुळे जी पद्धत तुम्ही शिकत आहात, तिचाच येथे उपयोग करावयाचा आहे.

या घटकातील सूचना मुख्यतः ‘विंडोज १०’ व ‘विंडोज ११’ या कार्यप्रणाली डोळ्यांसमोर ठेवून दिल्या आहेत. तुमच्या संगणकावर एखाद्या पर्यायाचे नाव किंचित वेगळे असू शकेल. विचाराची दिशा तीच राहील.

३. विषय-विवेचन

३.१ लक्षणाचे अचूक वर्णन

‘पडदा चालत नाही’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी निदानाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. त्यात किमान पाच निरनिराळ्या स्थिती दडलेल्या असतात :

(१) कोठेच दिवा लागत नाही, पंख्याचा आवाज नाही.
(२) संगणक सुरू आहे असे वाटते, पण पडदा काळा आहे.
(३) पडद्यावर ‘नो सिग्नल’ असा संदेश येतो.
(४) चित्र दिसते, पण रंग, आकार किंवा रेषा यांत दोष आहे.
(५) चित्र उत्तम आहे, पण मराठी मजकूर वाचता येत नाही.

पहिल्या स्थितीत संशय विजेवर जातो, तिसऱ्या स्थितीत केबलवर, पाचव्या स्थितीत फाँटवर. म्हणून हात लावण्यापूर्वी काय दिसते, काय ऐकू येते, कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे, हे पाहून वहीत लिहा. त्यासोबत तीन प्रश्नांची उत्तरे नोंदवा : अडचण केव्हापासून आहे? ती सतत आहे की अधूनमधून येते? ती सुरू होण्यापूर्वी काय बदलले होते? नवा प्रोग्राम, कार्यप्रणालीचे अद्ययावतीकरण, टेबल हलवणे, वीज जाऊन पुन्हा येणे, यांपैकी काही घडले असेल तर ते पहिले सूत्र समजावे.

३.२ एका वेळी एकच बदल

भाषेत एखादा ध्वनी अर्थभेदक आहे किंवा नाही, हे ठरवण्यासाठी आपण न्यूनतम युग्म घेतो. ‘पाट’ आणि ‘पाठ’ या जोडीत बाकी सर्व सारखे असून केवळ एका व्यंजनाचा फरक आहे. म्हणून अर्थातील फरक त्या व्यंजनामुळे आहे, असे आपण खात्रीने म्हणतो. ‘पाट’ आणि ‘काठी’ अशी जोडी घेतली, तर कोणताच निष्कर्ष काढता येणार नाही, कारण एकाच वेळी पुष्कळ गोष्टी बदललेल्या आहेत.

बिघाड शोधतानाही हाच नियम पाळावा. आधी केवळ केबल बदला आणि पाहा. फरक पडला नाही, तर जुनी केबल पुन्हा लावा आणि मगच दुसरी गोष्ट बदला. केबल, सॉकेट आणि मांडणी एकदम बदलून संगणक सुरू झाला, तरी दोष कशात होता हे कळत नाही. मग चांगली केबल फेकून दिली जाते आणि सदोष केबल कपाटात जपली जाते.

पडद्यावर चित्र उमटण्यासाठी एक साखळी लागते : प्रोग्राम, कार्यप्रणाली, ड्रायव्हर, ग्राफिक्सचा भाग, केबल आणि शेवटी मॉनिटर. ध्वनीचीही अशीच साखळी असते. तिच्या शेवटी ध्वनिवर्धक किंवा हेडफोन असतो. साखळी मध्यावर तपासली, तर एका चाचणीत अर्ध्या शक्यता निकाली निघतात. पुढील बहुतेक चाचण्या याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत.

३.३ पडद्याच्या अडचणी

(अ) कोठेच दिवा लागत नाही. भिंतीवरील सॉकेटमध्ये दुसरे उपकरण, उदाहरणार्थ मोबाइलचा चार्जर, लावून वीज येत असल्याची खात्री करा. स्पाइक गार्ड वापरत असाल तर त्याचे बटण पाहा. मॉनिटरची वीजवाहक केबल दोन्ही टोकांना पूर्ण आत गेली आहे का, हे हाताने दाबून तपासा. लॅपटॉप असल्यास चार्जर व जोडलेली सर्व उपकरणे काढा, सुरू करण्याचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून पुन्हा सुरू करा. आतील मंडलांत साठून राहिलेला विद्युतभार निघून गेल्यामुळे काही वेळा लॅपटॉप पूर्ववत होतो.

(आ) पडदा काळा, पण संगणक सुरू असल्यासारखा वाटतो. येथे पहिला प्रश्न हा की, संगणक खरोखर सुरू आहे काय? कळफलकावरील ‘कॅप्स लॉक’ दाबून पाहा. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर कार्यप्रणाली बहुधा जागी आहे. याहून खात्रीची चाचणी ध्वनीची आहे. ‘विंडोज’, ‘कंट्रोल’ आणि ‘एंटर’ या कळा एकत्र दाबल्या की ‘नॅरेटर’ हा पडदावाचक बोलू लागतो. आवाज ऐकू आला, तर संगणक चालू असून दोष केवळ दृश्य भागात आहे. (त्याच कळा पुन्हा दाबल्या की तो थांबतो.)

त्यानंतर क्रमाने पुढील गोष्टी करा. पडद्याचा उजेड वाढवण्याची कळ दाबा. ‘विंडोज’, ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ आणि ‘बी’ या चार कळा एकत्र दाबा. त्यामुळे ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. ‘विंडोज’ आणि ‘पी’ या कळांनी चित्र कोणत्या पडद्यावर जावे हे ठरते. तेथे चुकून केवळ दुसरा पडदा निवडला गेला असेल, तर तुमच्यासमोरचा पडदा काळाच राहतो.

लॅपटॉप असल्यास खोलीत अंधार करून पडद्यावर टॉर्चचा प्रकाश तिरका पाडा. चित्र अंधूक दिसले, तर पडद्यामागील प्रकाशयोजना बंद पडली आहे असे समजावे. शेवटी एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडून पाहा. टीव्हीवर चित्र नीट आले, तर संगणक शाबूत असून दोष लॅपटॉपच्या पडद्यात किंवा त्याच्या आतील केबलमध्ये आहे. ही दुरुस्ती तंत्रज्ञाचीच. मात्र ती होईपर्यंत टीव्हीवर अभ्यास चालू ठेवता येतो.

टेबलावरचा संगणक सुरू होताना पुनःपुन्हा ‘बीप’ असा आवाज येत असेल, तर तो यंत्राचा स्वतःचा संकेत असतो. बीप किती वेळा आणि किती अंतराने येतो, हे मोजून लिहून ठेवा. त्याचा अर्थ उत्पादकागणिक बदलतो; रॅमची पट्टी सैल होणे हे त्याचे एक नेहमीचे कारण आहे.

(इ) ‘नो सिग्नल’ असा संदेश. हा संदेश म्हणजे एक प्रकारे शुभवार्ताच आहे. मॉनिटर चालू आहे, वीज मिळत आहे, केवळ संगणकाकडून चित्र येत नाही. केबल दोन्ही बाजूंनी काढून पुन्हा बसवा. मॉनिटरच्या ‘इनपुट’ किंवा ‘सोर्स’ या बटणाने योग्य मार्ग निवडा. केबल एचडीएमआयची आणि निवड व्हीजीएची असेल, तर संदेश जाणार नाही. संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल, तर मागच्या बाजूला केबल लावण्याच्या दोन जागा दिसतात. केबल कार्डाच्या जागेत लावावी. मदरबोर्डच्या जागेत लावल्यास बहुधा चित्र येत नाही.

(ई) रंग बदललेले दिसतात. जुन्या संगणकांवर अजूनही व्हीजीए केबल असते. आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये आणलेल्या या जोडणीत तीन ओळींत १५ पिना असतात आणि लाल, हिरवा व निळा या रंगांचे संकेत निरनिराळ्या पिनांतून जातात. एखादी पिन वाकली की एक रंग नाहीसा होतो. पांढरा भाग निळसर-हिरवा दिसला तर लाल रंग गेला आहे, गुलाबी-जांभळट दिसला तर हिरवा गेला आहे, पिवळा दिसला तर निळा गेला आहे. केबलचे दोन्ही स्क्रू आवळा आणि पिना डोळ्यांनी तपासा. संध्याकाळनंतर सर्व पडदा सौम्य पिवळट होत असेल, तर तो दोष नसून ‘नाइट लाइट’ ही सोय चालू असते.

(उ) रेषा, डाग, थरथर. दोन चाचण्या पुरेशा आहेत. पहिली : मॉनिटरच्या बटणाने त्याची स्वतःची सूची उघडा. ती सूची मॉनिटर स्वतः तयार करतो. तिच्यावरही रेषा असतील, तर दोष मॉनिटरमध्ये आहे. सूची स्वच्छ आणि बाकीचे चित्र सदोष असेल, तर केबल किंवा संगणक तपासा. दुसरी : ‘विंडोज’ आणि ‘प्रिंट स्क्रीन’ दाबून पडद्याचे चित्र घ्या व ते मोबाइलवर पाठवून पाहा. मोबाइलवरील चित्रात रेषा दिसल्या, तर त्या संगणकाच्या आत निर्माण होत आहेत. दिसल्या नाहीत, तर दोष बहुधा केबलचा किंवा पडद्याचा आहे.

(ऊ) अक्षरे अस्पष्ट किंवा प्रमाणाबाहेर मोठी. आजच्या सपाट पडद्याला बिंदूंची ठरावीक संख्या असते, उदाहरणार्थ १३६६ × ७६८ किंवा १९२० × १०८०. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘डिस्प्ले’ या क्रमाने गेल्यास जिच्यापुढे ‘रेकमेंडेड’ असे लिहिलेले असते, तीच संख्या निवडावी. अक्षरे लहान वाटतात म्हणून ही संख्या कमी केली की देवनागरीचे अनुस्वार आणि रफार पुसट होतात. त्याऐवजी त्याच पानावरील ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करावे. अक्षरे मोठी होतात आणि रेखीवही राहतात.

सर्वच पडदा एकाएकी ढोबळ दिसू लागला, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ पाहा. तेथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे नाव असेल, तर ग्राफिक्सचा मूळ ड्रायव्हर निघून गेला आहे. संगणकाच्या उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून तो पुन्हा घ्यावा. अन्य ठिकाणचे ‘ड्रायव्हर दुरुस्त करणारे’ प्रोग्राम टाळावेत.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(१) मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ असा संदेश येतो. यावरून मॉनिटरबद्दल काय सिद्ध होते?
(२) पांढरे पान पिवळे दिसते आणि केबल व्हीजीएची आहे. कोणता रंग पोहोचत नाही?

३.४ देवनागरी मजकुराच्या अडचणी

पडदा निर्दोष असूनही मराठी वाचता येत नाही, ही तक्रार मराठीच्या विद्यार्थ्यांना इतरांहून अधिक भोगावी लागते. तिचे प्रकार दिसण्यावरूनच ओळखता येतात.

चौकटी दिसतात. मजकूर अचूक साठवलेला आहे, पण तो दाखवणारा फाँट त्या ठिकाणी नाही. विंडोजमध्ये ‘मंगल’ व ‘निर्मला यूआय’ हे देवनागरी फाँट असतात. (‘मंगल’ हा फाँट कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला.) मजकूर निवडून त्याला यांपैकी एक फाँट द्या.

रोमन अक्षरांची अर्थहीन जुळणी दिसते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी ‘श्री-लिपी’, ‘कृतिदेव’ यांसारखे फाँट प्रचारात आले. त्यांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच असतो. फाँट काढला की मूळ रोमन चिन्हे उघडी पडतात. तोच फाँट स्थापित करणे किंवा रूपांतरक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणणे, हे दोनच उपाय आहेत. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ स्वतंत्र स्थाने दिलेली आहेत; त्यामुळे फाँट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. स्वाध्याय युनिकोडमध्येच टंकलिखित करावेत, ते याच कारणासाठी.

प्रत्येक अक्षरामागे तीन विचित्र चिन्हे दिसतात. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. वाचणाऱ्या प्रोग्रामने चुकीची पद्धत गृहीत धरली की प्रत्येक बाइटचे एक वेगळे चिन्ह उमटते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. म्हणून त्याजागी पंधरा चिन्हांची रांग दिसते. मजकूर सुरक्षित आहे. फाइल उघडताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा.

प्रश्नचिन्हेच प्रश्नचिन्हे दिसतात. ही स्थिती गंभीर आहे. फाइल साठवताना देवनागरी न सामावणारी पद्धत निवडली गेली आणि मूळ चिन्हे नष्ट झाली. आधीची प्रत शोधण्यावाचून गत्यंतर नाही.

तुटक वर्तुळ दिसते. काना, मात्रा किंवा वेलांटी यांना आधार देणारे व्यंजन नसले की त्यांच्या शेजारी ठिपक्यांचे वर्तुळ येते. युनिकोडमध्ये चिन्हे उच्चारक्रमाने साठवली जातात. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण टंकन आधी ‘क’चे आणि नंतर वेलांटीचे करावयाचे असते. जुन्या टंकलेखनयंत्राच्या सवयीने क्रम उलटा केल्यास वर्तुळ उमटते.

‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते. पहिला शब्द डोंगरांमधील दऱ्यांचा, दुसरा समुद्राचा. हा भेद ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने साठवला जातो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘र’ची कळ ‘शिफ्ट’सह दाबली की ते मिळते. हे चिन्ह न वापरल्यास ‘आचाऱ्यांना’ दिलेले निमंत्रण ‘आचार्यांना’ जाते. येथे पडद्याला दोष देऊन चालणार नाही. टंकनच तपासले पाहिजे.

३.५ ध्वनीच्या अडचणी

(अ) आवाज मुळीच येत नाही. पडद्याच्या तळाशी उजव्या कोपऱ्यातील ध्वनिवर्धकाच्या खुणेवर टिचकी मारा. आवाज शून्यावर किंवा बंद नाही ना, हे पाहा आणि ‘आउटपुट’ म्हणून कोणते उपकरण निवडले आहे ते वाचा. एचडीएमआय केबलमधून चित्रासोबत ध्वनीही जातो. नवा मॉनिटर जोडला की संगणक काही वेळा ध्वनी त्याच्याकडे वळवतो. मॉनिटरमध्ये ध्वनिवर्धक नसेल, तर सर्वत्र शांतता पसरते आणि आपण निर्दोष ध्वनिवर्धकाला दोष देतो. सूचीतून तुमचे खरे उपकरण निवडा.

एकाच प्रोग्राममध्ये आवाज नसेल, तर ‘व्हॉल्यूम मिक्सर’ उघडा. तेथे प्रत्येक प्रोग्रामचा आवाज स्वतंत्रपणे कमीजास्त करता येतो. सर्व ठीक असूनही आवाज नसेल, तर हेडफोन मोबाइलला लावून पाहा. तेथे तो वाजला, तर हेडफोन निर्दोष आहे. मग ‘डिव्हाइस मॅनेजर’मधील ध्वनीचे उपकरण ‘अनइन्स्टॉल’ करून संगणक पुन्हा सुरू करा. कार्यप्रणाली ड्रायव्हर नव्याने बसवते.

टेबलावरच्या संगणकाच्या मागे रंगीत छिद्रे असतात. फिकट हिरवे छिद्र ध्वनिवर्धकाचे, गुलाबी छिद्र मायक्रोफोनचे आणि फिकट निळे बाहेरून ध्वनी आत घेण्याचे असते. साफसफाईनंतर आवाज गेला असेल, तर हे रंग आधी पाहावेत.

(आ) वाद्ये ऐकू येतात, गायक ऐकू येत नाही. हे लक्षण चमत्कारिक वाटते, पण त्याचे कारण सोपे आहे. गायकाचा किंवा वक्त्याचा आवाज सहसा डाव्या व उजव्या अशा दोन्ही मार्गांवर सारखाच मुद्रित केलेला असतो. हेडफोनची पिन अर्धवट बसली, की दोन्ही मार्गांचा सामाईक परतीचा संपर्क तुटतो आणि केवळ दोहोंतील फरक कानावर येतो. जे दोन्हीकडे सारखे आहे ते लोपते. पिन ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत आत ढकला.

(इ) एकाच कानात आवाज येतो. ध्वनीच्या मांडणीत डावा-उजवा समतोल पाहा. ज्यांना एकाच कानाने ऐकू येते, त्यांनी ‘ॲक्सेसिबिलिटी’मधील ‘मोनो ऑडिओ’ ही सोय चालू करावी. दोन्ही मार्ग एकत्र होतात आणि काहीही निसटत नाही.

(ई) घरघर किंवा गुणगुण. भारतातील घरगुती वीज ५० हर्ट्झ वारंवारतेची असते. सतत, खालच्या पट्टीतील गुणगुण पुष्कळदा तिचीच असते. लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून पाहा. गुणगुण थांबली, तर उगम विजेच्या जोडणीत आहे. संगणक आणि ध्वनिवर्धक एकाच, अर्थिंग असलेल्या स्पाइक गार्डवर लावून पाहा.

(उ) ब्लूटूथ हेडफोनवर बोलू लागताच आवाज बसका होतो. हेडफोनचा मायक्रोफोन सुरू झाला की जोडणी श्रवणाच्या पद्धतीतून संभाषणाच्या पद्धतीत जाते. संभाषणाच्या जुन्या पद्धतीत सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात आणि त्यामुळे ४००० हर्ट्झपर्यंतचेच ध्वनी पोहोचतात. ‘स’च्या घर्षणातील बरीचशी ऊर्जा त्याच्या वर असते, ‘श’ची तुलनेने खाली. म्हणून ‘साल’ ऐकू येताना ‘स’ बोथट होतो. मराठीत ही हानी विशेष जाणवते. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे पाण्याचे भांडे, हे दोन शब्द देवनागरीत एकसारखे लिहिले जातात; पहिल्यातील ‘ज’ दंततालव्य आणि दुसऱ्यातील तालव्य आहे, हे केवळ कानालाच कळते. ध्वनिविचाराचे पाठ ऐकताना आणि बोलीचे नमुने मुद्रित करताना शक्यतो तारेचा हेडफोन वापरावा, किंवा ऐकण्यासाठी ब्लूटूथ ठेवून मायक्रोफोन म्हणून संगणकाचा अंगभूत मायक्रोफोन निवडावा.

(ऊ) तुमचा आवाज इतरांना जात नाही. ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी’ या विभागात मायक्रोफोन वापरण्याची परवानगी दिलेली आहे का, ते पाहा. मग ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम उघडून दहा सेकंद बोला आणि ऐका. मुद्रण स्पष्ट असेल, तर मायक्रोफोन निर्दोष आहे आणि अडचण सभेच्या प्रोग्राममध्ये किंवा इंटरनेटच्या जोडणीत आहे. प्रतिध्वनी येत असेल, तर एकाच खोलीत दोन उपकरणांवर तीच सभा चालू नाही ना, हे पाहा. बहुतेकदा हेडफोन लावताच तो थांबतो.

एक गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. अंध विद्यार्थ्यांसाठी आवाज हाच पडदा असतो. ‘एनव्हीडीए’ हा पडदावाचक विनामूल्य उपलब्ध असून त्यासोबतच्या वाचकध्वनीत मराठीचाही समावेश आहे. अशा विद्यार्थ्याचा आवाज गेला, तर त्याचे सर्वच काम थांबते. घरातील डोळस व्यक्तीने या विभागातील पायऱ्या आधीच समजून घेतल्या, तर ऐन वेळी धावपळ होणार नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(१) एचडीएमआयने नवा मॉनिटर जोडल्यावर आवाज बंद झाला. प्रथम काय तपासाल?
(२) ‘मराठी’ या शब्दाऐवजी पंधरा विचित्र चिन्हे दिसतात. मजकूर नष्ट झाला आहे काय?

३.६ कोठे थांबावे?

आत्मविश्वास आणि अविचार यांतील सीमा ओळखणे, हाही निदानाचाच भाग आहे. पुढील प्रसंगी स्वतः दुरुस्ती करू नये.

• काचेच्या नळीचा जुना, जाड मॉनिटर कधीही उघडू नये. बंद केल्यानंतरही त्याच्या आत प्राणघातक विद्युतदाब शिल्लक असू शकतो. संगणकातील वीजपुरवठ्याच्या डब्यालाही हाच इशारा लागू आहे.
• लॅपटॉपची बॅटरी फुगून कळफलक वर उचलला गेला असेल, तर चार्जर तत्काळ काढावा आणि संगणक वापरू नये. बॅटरी दाबू किंवा टोचू नये.
• जळका वास, धूर किंवा आत सांडलेले पाणी असल्यास मुख्य बटण बंद करावे.
• संगणकाच्या धातूच्या पेटीला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर घरातील अर्थिंग सदोष असण्याची शक्यता आहे. आधी वीजतंत्रीला बोलवावे.

संगणक दुरुस्तीला देण्यापूर्वी शक्य असल्यास स्वाध्याय, टिपणे आणि छायाचित्रे यांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. सोबत लेखी टिपण द्यावे. उदाहरणार्थ : ‘सोमवारी वीज जाऊन आली, तेव्हापासून अडचण. मॉनिटरचा दिवा लागतो, “नो सिग्नल” असा संदेश येतो. केबल बदलून पाहिली, फरक नाही. हाच मॉनिटर शेजारच्या संगणकावर चालतो.’ या चार-पाच वाक्यांनी मॉनिटर आणि केबल निर्दोष ठरतात आणि तंत्रज्ञाचे लक्ष थेट संगणकाकडे जाते. न बिघडलेला मॉनिटर बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तर ‘का?’ असे विचारण्याचा आधारही तुमच्या हाती राहतो.

४. सारांश

अडचण दूर करण्यापूर्वी तिचे अचूक वर्णन करावे. साखळीतील एका वेळी एकच दुवा बदलावा आणि निष्कर्ष लिहून ठेवावा. पडद्याच्या बाबतीत वीज, संकेत, केबल, मांडणी आणि ड्रायव्हर या क्रमाने जावे. देवनागरी मजकुराच्या बाबतीत चौकटी, रोमन जुळणी, तिप्पट चिन्हे, प्रश्नचिन्हे आणि तुटक वर्तुळ ही लक्षणे वेगवेगळी कारणे दाखवतात. ध्वनीच्या बाबतीत निवडलेले उपकरण, पिनांची जागा, परवानगी आणि ड्रायव्हर ही तपासणीची ठिकाणे आहेत. पडदा गेला तर ध्वनीने संगणकाची स्थिती कळते. विजेचा धोका असलेली दुरुस्ती तंत्रज्ञावर सोपवावी.

५. स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (१) मॉनिटर चालू असून त्याला वीज मिळत आहे, केवळ संगणकाकडून चित्राचा संकेत येत नाही. (२) निळा.

प्रश्न – २ : (१) ‘आउटपुट’ म्हणून कोणते उपकरण निवडले गेले आहे ते. (२) नाही. फाइल चुकीच्या पद्धतीने वाचली जात आहे. यूटीएफ-८ निवडल्यास मजकूर दिसेल.

६. सरावासाठी स्वाध्याय

(१) तुमच्या घरच्या संगणकाच्या मागील सर्व केबली पाहून कोणती केबल कोठून कोठे जाते, याची आकृती काढा. संगणक ठीक चालत असतानाच हे काम करा.
(२) ‘साल–शाल’ यांसारख्या पाच जोड्या तारेच्या हेडफोनवरील आणि ब्लूटूथ हेडफोनवरील मायक्रोफोनने मुद्रित करा. कोणते ध्वनी ओळखणे कठीण गेले, ते नोंदवा.
(३) संगणकाच्या एखाद्या जुन्या बिघाडाचे, ३.६ मधील नमुन्याप्रमाणे, पाच वाक्यांत टिपण लिहा. कोणती वाक्ये निरीक्षणाची आहेत आणि कोणती तर्काची, हे वेगळे दाखवा.